सहा कप्प्यांचा पत्ता

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास मी अंधेरी पूर्वेला, औद्योगिक वसाहतीतल्या एका ऑफिसात नोकरीला होते. खाली बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनायची, वर आमचा कॉम्प्युटर चालायचा. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, म्हणजे तेव्हा जवळजवळ सगळेच, ते आपलं काम आमच्याकडे आणून टाकत. मी प्रोग्राम लिहायची. सहा महिने झाले होते, आणखी सहा महिन्यांनी पक्की होणार होते. मशीनच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. आत एसी असल्यामुळे दुपारपर्यंत पाय गार पडत. मग मी घरून मोजे आणायला लागले. त्यावर लोक हसले आणि महिन्याभरात सगळ्यांनीच मोजे आणले.

मी घाटकोपरला डोंगराच्या उतारावर एका खोलीत राहायची. गिरण्यांच्या संपानंतर वडिलांनी वर्षभर वाट पाहिली आणि मग आई-वडील दोघंही गावी, कोकणात परत गेले. मला नोकरी होती म्हणून मी राहिले. त्यात मोठा निर्णय वगैरे काही नव्हता. घरातला एक माणूस तरी कमावता हवा होता आणि तो मी होते.

एके दिवशी मालाडच्या एका गॅस एजन्सीचं काम आलं. त्या काळात गॅसचा नंबर लागायला सहा-सहा, सात-सात वर्षं लागत. एजन्सीला एकदम बऱ्याच जोडण्या मंजूर झाल्या होत्या आणि बाराशे लोकांना पत्रं पाठवायची होती: तुमचा नंबर लागला आहे, रेशनकार्ड घेऊन एकवीस दिवसांच्या आत या, न आल्यास नंबर पुढच्या माणसाला दिला जाईल. पत्रं छापलेली होती. आमच्याकडे काम होतं पत्त्यांच्या लेबलांचं.

फॉर्मवर पत्त्यासाठी सहा चौकोन होते. खोली किंवा घर नंबर, इमारत किंवा चाळ, रस्ता, जवळची खूण, उपनगर आणि पिनकोड. पंचिंगच्या मुली फॉर्म बघून ते सहा तुकडे मशीनवर सहा कप्प्यांत टाइप करत. प्रत्येक कप्पा तीस अक्षरांचा. मजकूर कमी असला तर उरलेल्या जागा मशीन रिकाम्या ठेवतं. आता हे सहा कप्पे एकापुढे एक तसेच जोडले तर पत्ता दिसतो दात पडलेल्या तोंडासारखा. 'सात', मग अठ्ठावीस-एकोणतीस जागांची पोकळी, मग चाळीचं नाव, मग पुन्हा पोकळी. तेव्हा माझं काम असं की प्रत्येक कप्प्यातला खरा मजकूर तेवढा उचलायचा, मध्ये स्वल्पविराम घालायचा आणि सहांची मिळून एक सलग ओळ करायची. एखादा कप्पा रिकामाच असेल तर तो गाळायचा, नाहीतर दोन स्वल्पविराम शेजारी-शेजारी येतात आणि लेबल खुळ्यासारखं दिसतं.

मजकूर कुठे संपला हे मशीनला कसं कळणार? पहिली रिकामी जागा आली की थांब, असं सांगितलं तर 'स्टेशन रोड'मधलं नुसतं 'स्टेशन' येणार. म्हणून मी सांगितलं, दोन रिकाम्या जागा लागोपाठ आल्या की थांब. शब्दांच्या मध्ये एकच जागा असते, दोन आल्या म्हणजे मजकूर संपला. मला ही युक्ती फार आवडली होती. कोणी शिकवली नव्हती, माझी मीच काढली होती.

चाचणीसाठी दहा पत्ते हवे होते. मी खऱ्याच माणसांचे घालू म्हटलं आणि कागद घेऊन बसले. गावचं घर, माझी खोली, मुलुंडची एक मावशी, कॉलेजातली एक मैत्रीण जिचं लग्न होऊन ती बोरिवलीला गेली होती, घरमालक, दवाखाना. इथे थांबले. मुंबईत जन्म काढून मला सहाच पत्ते येत होते आणि त्यातला एक डॉक्टरचा, एक माझा स्वतःचाच. उरलेले चार मी मनानं रचले. दहाही पत्ते सुरेख जोडले गेले.

बाराशे लेबलं छापून झाली तेव्हा साहेब वरची पाच-सहा बघून म्हणाले, "झकास. मॅडम, एक नंबर." मीही वरचीच बघितली. ढीग जाड होता आणि दुसरं काम रांगेत उभं होतं.

सतराव्या दिवशी एजन्सीचा माणूस आला. काउंटरवर बसणारा, बुटका, कायम घाई असल्यासारखा बोलणारा. त्यानं माझ्या टेबलावर रबरबँड लावलेला पाकिटांचा गठ्ठा टाकला.

"परत आली. अडतीस. बघा काय लिहिलंय ते."

मी पहिलं पाकीट उचललं. घर नंबर होता, चाळीचं नाव होतं, मग 'ऑपोझिट'चं आखूड रूप, त्यापुढे टिंब, त्यापुढे स्वल्पविराम आणि मालाड. कशाच्या समोर, ते नव्हतं. दुसऱ्यावर 'निअर'चं आखूड रूप, टिंब आणि पुढे काही नाही. तिसऱ्यावर 'बिल्डिंग नंबर' आणि नंबरच नाही.

"पोस्टमन काय म्हणाला माहितीये?" तो माणूस म्हणाला. "म्हणाला, समोर राहतात ते कळलं, पण कोणाच्या?"

साहेब तोवर बाहेर आले होते. गठ्ठा बघून त्यांनी लगेच निकाल दिला. "पंचिंग. पोरींनी वाट लावली."

पंचिंगची प्रमुख माझ्याच वयाची होती, लालबागची, फटकळ. ती आपल्या खोलीतून फॉर्मांची फाइल घेऊन आली आणि टर्मिनलवर तो रेकॉर्ड काढून मला बोट लावून दाखवला.

"हे बघ. सगळं मारलंय. ऑपोझिट, टिंब, दोन स्पेस, पोस्ट ऑफिस. एक अक्षर खाल्लेलं नाही."

"दोन स्पेस कशाला?"

"कशाला म्हणजे? टिंबानंतर दोन स्पेस. टायपिंगच्या क्लासात काय शिकलीस गं तू? आमचे सर एक सोडली तर फूटपट्टी मारायचे हातावर."

टायपिंगची सरकारी परीक्षा मीही दिली होती. स्वल्पविरामानंतर एक जागा, टिंबानंतर दोन. आमच्यासारख्या घरांतल्या झाडून सगळ्या मुली मॅट्रिकनंतर त्या क्लासात जायच्या आणि हे बोटांत बसायचं. पंचिंगच्या आठही मुली तिथूनच आलेल्या. जिथे जिथे आखूड शब्द आणि टिंब होतं, तिथे त्यांनी शिस्तीत दोन जागा सोडल्या होत्या, आणि तिथेच माझा प्रोग्राम मजकूर संपला असं समजून पुढच्या कप्प्याकडे गेला होता. माझ्या दहा चाचणी पत्त्यांत आखूड शब्द एकही नव्हता. कोऱ्या कागदावर, चौकोनात बसवायचा नसताना, पत्ता कोण तोडून लिहितं?

"चूक माझी आहे," मी साहेबांना म्हटलं.

"ते आपण नंतर बघू," ते म्हणाले. एजन्सीच्या माणसासमोर त्यांना हा विषय नको होता.

मी नंतर पूर्ण यादी तपासली. टिंबापाशी तुटलेले पत्ते दोनशेच्या वर होते. बाकीची पत्रं पोस्टमन लोकांनी आपल्या डोक्यानं पोचवली होती, त्यांचे खरं तर आभार मानायला हवे होते. राहिली ही अडतीस. मुदतीला चार दिवस होते. पुन्हा पोस्टात टाकली तर दोन-तीन दिवस जाणार आणि मध्ये रविवार. एजन्सीचा माणूस म्हणाला, मुदत वाढणार नाही, पुढच्या यादीतले लोक आत्ताच दारात उभे आहेत.

मी प्रोग्राम दुरुस्त केला. कप्प्याच्या शेवटाकडून मागे येत यायचं आणि पहिलं अक्षर लागलं की तिथे मजकूर संपला असं धरायचं. मधल्या जागा एक असोत की चार. अर्ध्या तासाचं काम होतं. पहिल्यांदाच असं केलं असतं तर हे लिहायला आज विषय नसता. मग चार दिवसांची रजा लिहून दिली आणि अडतीस पाकिटं पिशवीत घालून मालाडला गेले.

दारोदार पत्रं वाटायला लागलं की लोक आधी दार अर्धंच उघडतात. मला साबण विकणारी समजून दोघींनी ते लावूनही घेतलं. पण गॅस म्हटलं की पूर्ण उघडायचं. एका बाईनं माझ्यासमोरच पत्र कपाळाला लावलं. एका घरात नवरा-बायकोचं भांडण चालू होतं, ते पत्र बघून थांबलं आणि मी जिना उतरेपर्यंत पुन्हा सुरू झालं, आता शेगडी कुठे ठेवायची यावरून. दिवसभर मी इतक्या घरांत डोकावत होते की संध्याकाळी माझ्या खोलीचं कुलूप काढताना मला दारावर टकटक करायची सवय लागेल असं वाटलं. आतून कोणी विचारणार नव्हतं, कोण म्हणून. मी वरण-भात टाकायची, पायांना तेल लावायची आणि झोपायची.

रविवार धरून चौथ्या दिवशी दुपारपर्यंत सदतीस पाकिटं गेली. राहिलं एक. मालाडच्या पश्चिमेला जुनं गावठाण होतं, ख्रिस्ती लोकांचं, शेती आणि मासेमारी करणारं. मराठीच बोलणारे लोक. तिथल्या घरांना नंबर नव्हते. फॉर्मवर पहिला कप्पा रिकामा, दुसरा रिकामा, तिसऱ्यात इंग्रजीत आखूड 'ऑपोझिट', टिंब आणि क्रॉस, चौथ्यात आखूड 'निअर', टिंब आणि वेल, म्हणजे क्रूसासमोर, विहिरीजवळ. माझ्या पहिल्या लेबलावर त्याचं झालं होतं नुसतं समोर, जवळ, मालाड.

गावठाणात क्रूस तीन निघाले. आणि नाव मोठ्यानं वाचलं तर एक म्हातारा हसायला लागला. "त्या नावाच्या हितं चार हायत. तुला कंची पायजे?" पहिली चर्चमध्ये गेली होती. तिची वाट बघण्यात तास गेला आणि ती आल्यावर म्हणाली, मी कधीच फॉर्म भरला नाही. दुसरी वारली होती. तिसरी म्हणाली, "माझा पण भरलेला हाय, मलाच दे की. आमच्यात कोन बघतंय?" मी नवऱ्याचं नाव विचारलं, ते जुळेना. "तू लई कडक हाय बाय," ती म्हणाली, पण चौथीचं घर तिनंच दाखवलं.

साडेपाच वाजले होते. त्या दिवशी मुदत संपत होती आणि एजन्सी पाचला बंद व्हायची.

चौथी पडवीत बसून सुकट निवडत होती. सत्तरीची असेल. काटक, पांढरी पातळ वेणी, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं. मी पत्र दिलं, तिनं ते उलटसुलट करून मलाच परत दिलं. "वाच."

मी वाचलं. तारखेपाशी आल्यावर थांबले, मग तीही वाचली.

"म्हंजी आजच?"

"आजच. आणि एजन्सी बंद झाली."

"मग आता कशाला आनलंस?"

हा प्रश्न मला योग्य वाटला. मी तिला सांगितलं, पत्ता मशीनवर मी छापला होता, तो अर्धा छापला गेला, चूक माझी. मशीन, कप्पे, यातलं काही तिला कळलं नसावं. तिनं आत बोट दाखवलं. स्वयंपाकघराची भिंत धुरानं काळी होती. चूल होती, शेजारी रॉकेलचा स्टोव्ह. "आठ वर्सं झाली फॉरम भरून," ती म्हणाली. "डाक्तर बोलतो फुकू नको, छाती गेली तुजी. रॉकेलला तीन घंटे लायनीत. तेवडं उभं ऱ्हायला नाय जमत आता." एवढंच. आवाज चढला नाही.

"उद्या सकाळी रेशनकार्ड घेऊन तयार राहा," मी म्हटलं. "मी येते."

सकाळी नऊला आम्ही दोघी काउंटरवर होतो. बुटक्या माणसानं पत्र पाहिलं, तारीख पाहिली, मला पाहिलं.

"मॅडम, काल होती."

"काल साडेपाचला मिळालं. तुमच्याकडे पत्र परत आलं हे तुम्हाला माहीत आहे."

"माझ्याकडे काय काय येतं! रजिस्टरात काय लिहू? पार्टी आली नाही, एवढाच रकाना आहे." मग त्यानं रेशनकार्ड उघडलं. "सात माणसं. सात जण आहेत तर कोणीतरी यायचं ना वेळेवर."

"सात नाय," म्हातारी म्हणाली. "नवरा गेला, दीर गेला. दोन पोरं आखाताला. सुना वसईला आपापल्या आयांकडे."

"मग घरात किती?"

"मी."

"एकट्या माणसाला गॅस कशाला लागतो?"

"एकटं मानूस कच्चं खातं काय रे?"

रांगेतले लोक हसले. तो हसला नाही, पण कार्ड त्यानं परत केलं नाही. पेनाचं टोपण लावत, काढत राहिला. "लेखी आणा," शेवटी म्हणाला. "तुमच्या कंपनीचं. पत्ता तुमच्याकडून चुकला, ग्राहकाचा दोष नाही, असं. मग मॅनेजरसाहेबांसमोर ठेवतो. आज बारापर्यंत. नंतर मी पुढचं नाव चढवणार."

मी समोरच्या वाण्याच्या दुकानातून साहेबांना फोन केला.

"लेखी?" ते म्हणाले. "मॅडम, डोकं ठिकाणावर आहे का? असा कागद बाहेर गेला तर उद्या कोण आपल्याला काम देईल? सांगा, पोस्टाची चूक आहे."

"पोस्टाची नाही."

"मग पंचिंगची म्हणा. तोंडी. लिहून काही द्यायचं नाही."

"बाईंचा नंबर जातोय."

"एक नंबर गेला तर काय आभाळ कोसळणार आहे? बाराशेतला एक!"

बाराशेतला एक हे हिशेबानं बरोबरच होतं. मी फोन ठेवला तेव्हा म्हातारी दुकानाच्या पायरीवर बसली होती, रेशनकार्ड पदरात गुंडाळून. तिनं मला विचारलं नाही साहेब काय म्हणाले. बहुतेक तिला ऐकू आलं होतं, तिच्या कानाचं काही बिघडलं नव्हतं.

मी वाण्याकडून वहीचा एक कागद मागून घेतला आणि त्याच्याच फळीवर लिहिलं. माझं नाव, माझं पद. पत्त्याचे सहा भाग जोडण्याच्या प्रोग्राममध्ये माझ्याकडून चूक झाली, त्यामुळे पत्ता अपूर्ण छापला गेला आणि पत्र परत आलं. टाइप करणाऱ्यांचा, पोस्टाचा आणि ग्राहकाचा यात दोष नाही. खाली सही. कंपनीचा शिक्का नव्हता. बुटक्या माणसानं तो कागद दोनदा वाचला.

"हे तुमच्या साहेबांना चालतंय?"

"नाही."

तो आत गेला. पाऊण तासानं आला आणि रजिस्टरात पार्टी आली नाही हा रकाना सोडून समासात काहीतरी बारीक लिहिलं. मग रेशनकार्डावर शिक्का मारला.

त्या कागदाची नक्कल अर्थात ऑफिसात पोचली. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं, दोन मिनिटं दुसरेच कागद चाळले आणि मग सांगितलं की पक्कं करण्याची मुदत सहा महिने पुढे जाईल आणि यापुढे ग्राहकांशी मी बोलायचं नाही. मी बरं म्हटलं. पंचिंगची प्रमुख डब्याच्या वेळी म्हणाली, "आमच्यावर ढकललं नाहीस, बरं केलंस. पण तू जरा वेडीच आहेस हां." तोवर आम्ही दोघी वेगवेगळ्या टेबलांवर जेवत होतो आणि नंतरही तसंच जेवत राहिलो. त्यांची आठ जणींची पंगत जुनी होती, त्यात कोणी मला ये म्हटलं नाही आणि मी गेले नाही.

शिक्का मारला त्या दिवशी म्हातारीनं बजावलं होतं, गॅस आला की बघायला ये. दोन आठवडे सोडून एका रविवारी गेले. रविवारी मला तसंही काही नसायचं.

सिलिंडर आला होता. नवी शेगडी ओट्यावर चमकत होती. शेजारी खाली बसून म्हातारी रॉकेलच्या स्टोव्हवर भात शिजवत होती.

"हे काय?"

"चार दीस झाले. मानूस आला, लावलं, बोलला, असं फिरवायचं आनि गेला. हात नाय लावला मी. फुटलं तर?"

आता गंमत अशी की गॅसची शेगडी मीही कधी पेटवली नव्हती. माझ्या खोलीतही स्टोव्हच होता. हे तिला सांगायची सोय नव्हती. मी शेगडीबरोबर आलेला छापील कागद नीट वाचला, दोनदा. मग सिलिंडरचं बटण उघडलं, काडी पेटवली आणि शेगडीचं बटण फिरवलं. फुस्स झालं आणि निळी ज्योत गोल उभी राहिली. आम्ही दोघीही एक-एक पाऊल मागे सरलो होतो.

तिनं चहा ठेवला. पातेलं सात माणसांचं होतं आणि पाणीही तिनं तेवढंच ओतलं. "हात आखडत नाय," ती म्हणाली. मी तीन कप प्यायले, तिनं दोन, तरी अर्धं पातेलं उरलं. ती विचारत राहिली, घरी कोण-कोण, जेवायला कोण वाढतं, आजारी पडलीस तर कोणाला हाक मारतेस. मी उत्तरं देत होते, पण ती फार लवकर संपत होती.

"दर आयतवारी येत जा," ती म्हणाली. मी हो म्हटलं. गेले नाही. घाटकोपरहून मालाडला दोन बस बदलाव्या लागतात, असं मी पुढचे काही रविवार स्वतःला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. त्या घरात मी बसले असताना आम्ही दोघी सारख्याच दिसत होतो आणि माझं वय तिच्या निम्म्याहून कमी होतं.

त्या दिवशी निघताना तिनं मला दारातून परत बोलावलं. पेटवायचं कळलं, पण बंद कसं करायचं ते पुन्हा दाखव म्हणाली. मी आधी शेगडीचं बटण, मग सिलिंडरचं, असं दाखवलं. मग तिनं स्वतः केलं. पेटवलं, बंद केलं, वाकून ज्योत गेली का ते पाहिलं, पुन्हा पेटवलं, पुन्हा बंद केलं. दोन्ही वेळा बरोबर आलं. तेव्हा मी चपला घातल्या.